नवरा उलटला (३)

"महिन्याभरात या घरात इतकं बोलणं होईल, की शेजारी तक्रार घेऊन दारात येतील!" असं निशिगंधानं छातीठोकपणे जाहीर केलं होतं. शेजारी आले. महिनाही लागला नाही. फक्त तक्रारीऐवजी ते बर्फ, हळदीचा डबा आणि एक खाट घेऊन आले!

त्याचं असं झालं. निशिगंधाचा अंकुर अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. कान शाबूत. स्वयंपाकघरात बिस्किटाचा पुडा उघडला तर हा अंगणातून धावत यायचा. पण तोंडातून अक्षर नाही. हवं ते बोटानं दाखवायचा, मिळालं की हसायचा, विषय संपला. दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर नजर ठेवावी, तशी निशिगंधा दिवसभर त्याच्या ओठांवर नजर ठेवून असे. "काही काळजी नाही, घरात बोलणं वाढवा," असं डॉक्टर म्हणाले.

वाढवा म्हणे! लोहारा गावातल्या त्या घरात बोलायचं कोणाशी? नवरा गोपाल गावोगावच्या शाळांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरायचा. घरी येईस्तोवर त्याच्याकडे एकच शब्द उरलेला असे, तो म्हणजे "हं". राहिले सासरे, नानाजी. नानाजी बोलायचे, पण मशीनशी!

एके काळी नानाजींचा यवतमाळात कॉम्प्युटर क्लास होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं. चपला बाहेर काढून, देवळात जावं तसं आत जायचं. पंखा मशीनच्या तोंडावर, पोरं घामाघूम! त्या जमान्यातलं एक धूड अजून मधल्या खोलीत जिवंत होतं. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची खोळ घालून रोज झाकलं जायचं, रोज उघडलं जायचं. त्याच्यावर नानाजी गूढ शब्दकोडी रचत बसत, आणि कर्र-कर्र करत छापत. काही चुकलं की मशीनच्या पडद्यावर उमटायच्या आधी स्वतःच ओरडत, "बॅड कमांड!"

निशिगंधानं ठरवलं, आपण हीच कोडी शिकायची. म्हणजे सासरा-सून बोलतील, पोराच्या कानावर शब्द पडतील. बी.एस्सी. झालेल्या बाईला शब्दकोडं काय जड आहे?

"यवतमाळच्या शेवटी फुलं गुंफलेली. अक्षरं दोन," नानाजींनी पहिल्या दिवशी घातलं.

"शेवटी म्हणजे... धामणगाव रस्ता? तिथं फुलवाला आहे का?"

"बॅड कमांड! पोरी, कोडं सांगते एक आन् दाखवते दुसरं. यवतमाळ या शब्दाच्या शेवटी पाह्य. काय हाय?"

"माळ!" निशिगंधा किंचाळली. अंकुर दचकून हसला.

मग गाडी सुसाट सुटली. "नवऱ्याचा भाऊ, काळ्या पडद्यावर सगळी यादी वाचून दाखवतो?" यात ती चार दिवस अडकली. उत्तर निघालं 'दीर'! जुन्या मशीनवर डी-आय-आर टाइप करून एंटर दाबलं की आतल्या सगळ्या फायलींची यादी यायची म्हणे. क्लासातल्या नव्या नवऱ्या लाजून तो हुकूम उच्चारायच्याच नाहीत!

नानाजींचा एक नियम मात्र कडक होता. "एंटर दाबाच्या आधी दम घे. वाच. मंगच दाब. एंटर म्हंजे तोंडातून गेलेला शब्द, तो वापस येत नाही." नेमका हाच नियम निशिगंधा शिकली नाही. ती शिकली ते एवढंच, की ओळ संपली की एंटर!

त्या दिवशी गोपाल पहाटेच मोटारसायकलनं झरी जामणीकडे गेला होता. अंकुरला दूध पाजता पाजता निशिगंधाला तिचं पहिलं स्वतःचं कोडं सुचलं. आणि काय सुचलं!

"नानाजी, ऐका. नवरा उलटला, लंकेकडे सापडेल. अक्षरं तीन. नवरा उलटा वाचा. रा, व, न. रावण!"

नानाजींनी चष्मा वर केला. "रा-व-न. रावण कुठी हाय? तुह्या नवऱ्यात 'ण' नाही. चालत नाही."

"अहो, आपल्याकडे पाणीला पानीच म्हणतात की!"

"बोलाले चालते. कोड्यात चालत नाही."

वाद पेटला. अंकुर मजेत एकदा आईकडे, एकदा आजोबांकडे मान वळवत होता. त्याला समजावं म्हणून नानाजींनी कागदावर रावण छापूनही दिला. एका ओळीत दहा शून्यं, मधल्या एका शून्याखाली मिशी. "हा पाह्य बापू, रावण. ण, ण!" अंकुर कागदाला चिकटला.

निशिगंधाला पंच हवा होता. फुलसावंगीचा तिचा भाऊ पियुष कोड्यांत हुशार. तिनं माहेरच्या ग्रुपवर लिहिलं, "नवरा उलटला". ओळ संपली, बोटानं सवयीनं एंटर शोधलं, आणि फोनवर त्या जागी होता पाठवायचा बाण! मग दुसरी ओळ, "लंकेकडे सापडेल". बाण! मग "३". बाण! "हे माझं कोडं आहे" असं लिहिणार, तेवढ्यात अंकुरनं फोन हिसकावला आणि धुण्याच्या बादलीत सोडला. गुडूप! निशिगंधानं तो पुसून तांदळाच्या डब्यात गाडला आणि पुन्हा वादाला जाऊन बसली.

तिकडे फुलसावंगीत तिची आई, शकुबाई, तुरीच्या शेंगा सोलत होती. फोन वाजला. रेंजच्या कृपेनं तीनपैकी एकच ओळ पोचली, "नवरा उलटला".

जावई झरीला मोटारसायकलवर जाणार हे तिला आदल्या दिवशीच कळलेलं! तिनं लेकीला फोन लावला, बंद. जावयाला लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. शेंगा उधळून तिनं पियुषला जीप काढायला लावली आणि लेकीच्या शेजारच्या विमलताईंना फोन केला. विमलताई तव्यावरची पोळी तशीच टाकून धावल्या.

"अव निशी! उलटला म्हन्ते?"

निशिगंधाला वाटलं, वाद भिंतीपलीकडे ऐकू गेला असणार. तिचा चेहरा फुलला. "हो काकू, उलटला!"

"कसा व?"

"एकदम सहज! शेवटचं पुढं आलं, पुढचं मागं गेलं!"

"अव माय! आन् मधलं?"

"मधलं जिथल्या तिथं!"

"तेवढं तरी वाचलं," विमलताईंनी छातीवर हात ठेवला.

आतून, मशीनवरची नजर न काढता नानाजी गरजले, "काही उपेग नाही! तो चालत नाही! सकाळपासून सांगून राह्यलो, शेवटी मार खाल्ला त्यानं!"

"चालत नाही?" विमलताई मटकन उंबऱ्यावर बसल्या. "मंग आता व?"

"बसेल हो काकू. थोडं इकडंतिकडं करून बसवते मी त्याला."

"धीराची हाय बाई," विमलताईंनी डोळ्यांना पदर लावला. "घाबरू नको पोरी, आम्ही हावो!" आणि त्या पळाल्या.

एका 'ण'साठी केवढी ही माया! निशिगंधा गहिवरली.

थोड्या वेळानं दारात टेम्पो थांबला. एमआयडीसीत वेल्डिंगचं दुकान चालवणारे बाबाराव, त्यांच्यामागे बर्फ आणि हळद घेऊन विमलताई, आणि सगळ्यांत मागे चौघांच्या खांद्यावर खाट!

"वहिनी, चला," बाबाराव म्हणाले. "झरीच्या रस्त्यानं गोपाल उलटला म्हन्ते. कोन्त्या दवाखान्यात हाय?"

निशिगंधानं दाराची चौकट धरली. "गोपाल? माझा गोपाल?"

स्वतःच सोडलेली बातमी गावभर फिरून पाहुण्यासारखी दारात आली होती, आणि तिनं ती ओळखलीच नाही! तिनं अंकुरला उचलून घट्ट धरलं. गोपालचं ते "हं" आठवलं. थकलेलं एक "हं", आणि झोपलेल्या अंकुरकडे बघून काढलेलं दुसरं, वेगळं. इतके दिवस आपण ती दोन्ही एकच समजत होतो? ती रडू लागली. विमलताई रडू लागल्या. बाबारावांना रडता येईना, म्हणून ते खाटेची दोरी आवळत बसले. नानाजी मशीन तसंच सोडून बाहेर आले. निशिगंधाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं अंकुरला जवळ घेतलं.

असं दुपारपर्यंत चाललं. बाबाराव दवाखान्यादवाखान्यांत फोन लावत होते. तेवढ्यात धूळ उडवत जीप आली. शकुबाई उतरली, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात पियुषची! उरलेल्या दोन ओळी तिला आर्णीजवळ मिळाल्या होत्या. म्हणजे ती घरातून निघाली होती रडत, आणि उतरली ती पेटत!

"रडतं कायले त्याच्यासाठी? पाय मोडला असंन त बरंच झालं! आधी सांग, लंका कोन हाय?"

विमलताईंनी हळूच बर्फ मागे लपवला.

"लंका?" निशिगंधा हुंदका देत म्हणाली.

"तूच त लिवलं! लंकेकडे सापडंल! आन् ते तीन कायचं? ते तिसरी हाय काय?"

लंकेकडे सापडेल. तीन. निशिगंधाचा हुंदका अर्ध्यातच थांबला. तिनं आईकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. "आई," ती कशीबशी म्हणाली, "ते कोडं होतं गं!"

"बॅड कमांड," नानाजी पुटपुटले आणि मटकन खाटेवरच बसले, अंकुरला मांडीवर घेऊन.

तेवढ्यात मोटारसायकल करकचून थांबली. पांढरकवड्याला रेंज येताच गोपालला सासूचे, विमलताईंचे, बाबारावांचे न उचललेले कॉल दिसले होते. त्यानं एकच अर्थ काढला होता, आणि वाटेत कुठंही न थांबता आला होता.

"अंकुर!" तो दारातूनच ओरडला. "अंकुरले काय झालं?"

केस ताठ उभे, मिशीवर धूळ, डोळे लाल. त्याला धडधाकट पाहून आधी सगळे त्याला मागूनपुढून चाचपायला अंगणात पळाले आणि मग अंकुरला खरंच काय झालं ते बघायला त्याच्या मागून, खांद्यांवरून, बगलेतून आत डोकावू लागले. विमलताई, बाबाराव, शकुबाई, पियुष, खाटवाले चौघे. दारभर नुसती डोकी! आणि मधोमध मिशी.

अंकुरनं हातातला कागद पाहिला. दार पाहिलं. बोट उचललं.

"लावन!"



"काय म्हणला?" गोपालचा आवाज फाटला.

"लावन!" अंकुर बापाकडे बोट दाखवून खदखदून हसला. "लावन! लावन!"

निशिगंधा खालीच बसली. हसत होती की रडत होती, तिलाच कळेना. तिनं नानाजींकडे पाहिलं. तिचा पंच, तिचा गुरू. नानाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, परत काढला.

"'न' म्हणला पोट्टा," ते म्हणाले. "सरळ 'न'च म्हणला. चालते पोरी! आजपासून 'न' चालते!"

"चालते?" दारातून विमलताई कडाडल्या. "मंग सकाळीच सांगाले काय झालतं बाप्पा! मी खाट आनली नं!"

त्या दुपारी निशिगंधानं सगळ्यांना चहा केला. चार शब्द आणि एक आकडा वाचून लोकांनी पोळ्या करपू दिल्या, दुकान बंद ठेवलं, भलत्याच चपला घालून गावं ओलांडली. त्या प्रत्येकाच्या हातात कप देताना तिला काही बोलावंसं वाटत होतं, पण बोलणं वाढवायला निघालेल्या बाईला ऐन वेळी शब्द सापडेना. तिनं फक्त साखर जास्त घातली.

आता अंकुर बोलतो. आई म्हणतो, नानाजींना "बॅद कमान" म्हणतो, बिस्किटाचं तर पूर्ण वाक्य बोलतो. फक्त बापाला अजून "बाबा" म्हणत नाही. परवा भर बाजारात गोपाल गर्दीत दिसेनासा झाला, तर पोरगं टाचा उंचावून केवढ्यानं तरी ओरडलं, आणि गोपालनं निमूटपणे ओ दिली.