टेलवाल्याची पाळी

आमच्या शेजारचे म्हसेनाना रोज सकाळी सात वाजता कॉम्प्युटरचं बटण दाबतात आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "आज पाळी कुनाची?" घरात माणसं दोनच, नाना आणि त्यांच्या पत्नी माई. माई केर काढत राहतात. मग नाना स्वतःच म्हणतात, "बरं, माजी."

प्रश्न नोकरीतला आहे. नाना मुळा कालव्यावर पाटकरी होते. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, त्याची यादी खिशात घालून त्यांनी जन्मभर चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, सायकल हाणली. निवृत्त झाल्यावर राहुरीत त्यांच्या यादीला कोणी विचारेना, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरला धरलं.

त्या एका कॉम्प्युटरवर चार लिनक्स आहेत, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या चार वेगवेगळ्या सिस्टिम. चालू केला की पडद्यावर चार नावं येतात: सागर, नाना, माई, पाहुणे. ज्याचं त्यानं निवडायचं. ठरलेल्या सेकंदांत नाही निवडलं, तर सर्वांत वरचं आपोआप सुरू होतं. सागर हा मुलगा, बेंगळुरूला असतो. कॉलेजात असताना पहिलं लिनक्स त्यानंच टाकलं. बाकीची तीन नानांनी धडपडून टाकली. माईंचा त्यांच्या लिनक्सशी संबंध पडदा पुसण्यापुरता. मी एकदा म्हणालो, एकट्यानं जेवायचं तर चार चुली कशाला मांडायच्या? नानांनी मला तीन दिवस चहा विचारला नाही.

ही यादी दाखवणाऱ्या प्रोग्रामला बूटलोडर म्हणतात. त्याचं अपडेट आलं की नानांचं डोकं फिरतं. कारण ज्या लिनक्सने अपडेट घेतलं ते यादी नव्यानं लिहितं, स्वतःचं नाव वर टाकतं आणि बाकीचे आहेत की नाहीत हे बघायलाही जात नाही. "निव्वळ हेडवाला हाय," नाना म्हणतात. कालव्याच्या तोंडाशी शेत असलेल्यांवर त्यांचा जुना राग. ते पाणी ओढून घेतात आणि शेवटचा टेलवाला कोरडा राहतो. मग नाना पेनड्राइव्ह घेऊन यादी दुरुस्त करत बसतात. तेवढ्या वेळात माणूस सुप्याच्या कंपनीत दोन शिफ्ट करून घरी येईल.

मागच्या शनिवारी घोळ मी घातला. मी शाळामास्तर, प्रश्नपत्रिका टाइप करायला 'पाहुणे'मध्ये बसलो होतो. अपडेट करू का, असं विचारलं गेलं आणि मी 'हो' दाबलं. सरकारी पोर्टलवर आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला तेव्हा यादीत एकच नाव होतं, पाहुणे.

नाना ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मास्तर, उद्या सागर येतोय."

तो दोन वर्षांनी येत होता. रविवारी सकाळी माईंनी नानांना स्टँडवर जायला चारदा सांगितलं, पण नाना पडद्यापुढून हलले नाहीत. शेवटी मीच गेलो. आम्ही परतलो तेव्हा चारही नावं जागेवर होती, सागर सगळ्यात वर. नानांची अंघोळ राहिली होती. सागर पाया पडला, जेवला, बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढून मीटिंगला बसला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. तो घरात असताना नानांनी दोनदा उगाचच कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सागरने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मला चेष्टेला आयतंच सापडलं. सोमवारी सकाळी मुद्दाम गेलो. नानांनी बटण दाबलं. यादी आली, सागरच्या नावावर पट्टी थांबली आणि आकडे उतरू लागले. दहा, नऊ, आठ. नाना हात मांडीवर ठेवून नुसते बघत होते. दोनावर आल्यावर त्यांनी पट्टी खाली सरकवून आपलं नाव निवडलं.

मी म्हणालो, "रोज तुम्हीच बसता, तर तुमचंच नाव वर घ्या की. पोरानं बघितलंसुद्धा नाही."

"पानी टेलपासून सोडत्यात, मास्तर," नाना म्हणाले. "लांबच्याची पाळी पयली. मानूस चारीवर आला न्हाई म्हून त्याचं नाव खाली घ्यायचं नसतं. आपुन जरा वाट बघायची, मंग दुसऱ्याला द्यायचं."

आजवर केलेल्या सगळ्या चेष्टेची मला लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, वाट बघायला दहा सेकंद पुरतात का?

"न्हाई पुरत," नाना म्हणाले. "पयली तीस हुती, तुमच्या अपडेटनी दहा केली. आज बसून परत तीस करतो."