दोन लाडवांचा पंचनामा

मुलांनो, दिवाळीच्या डब्यात दोन लाडू कमी का, असं तुम्ही दरवर्षी पत्रातून विचारता. ते आमचे शेजारी ब्रिगेडियर पोतनीस काढून घेतात.

सैन्यातून त्यांना देशाच्या अमली पदार्थविरोधी खात्याचं प्रमुख केलं होतं. निवृत्त होऊन सुरतेला आले, पण खातं सुटलं नाही. सोसायटीतून परदेशी जाणारं प्रत्येक पार्सल त्यांच्या टेबलावरून जायचं. मेतकूट हुंगायचे, पिठीसाखर चिमटीत घेऊन उजेडात धरायचे. दूधवाल्या रमणभाईला पंच म्हणून उभं करायचे. तो म्हणायचा, "साहेब, आ तो लाडवा छे."

"सगळे हेच म्हणतात," म्हणत साहेब दोन लाडू उचलायचे. एक नमुना प्रयोगशाळेला, दुसरा फायलीला. प्रयोगशाळेचा तिथंच खायचे. फायलीचा कागदात बांधून वर लाखेचं सील.

एका वर्षी मला या सगळ्याचा कंटाळा आला. त्यांना न दाखवताच पार्सल पोस्टात देऊन आले. दुपारी ते लाख आणि मेणबत्ती घेऊन दारात. पार्सल गेलं, लाडूही संपले, असं मी हसत सांगितलं. खरं तर घरात डबाभर लाडू होते. त्यांनी मेणबत्ती खिशात घातली आणि गेले.

आठवड्याने त्यांनीच सांगितलं. दुसरा नमुना सुरतेजवळच्या कामरेजला जायचा. तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रात त्यांचा मुलगा होता. बापाशी तो एरवी बोलायचा नाही. सील फोडताना मात्र विचारायचा, "या वेळी कोणाला पकडलंत?"

"यंदा रिकाम्या हाताने गेलो, वहिनी. त्याने हाताकडे पाहिलं आणि आत निघून गेला."

मी त्याच दिवशी लाडू घेऊन त्यांच्याबरोबर कामरेजला गेले. मुलगा आदल्या दिवशीच कोणाला न सांगता केंद्र सोडून गेला होता.

परतताना साहेब म्हणाले, "तुमचा दोष नाही." पण त्या दुपारी तूप-वेलचीचा वास जिन्यापर्यंत येत होता. जन्मभर लोकांचं खोटं पकडलेल्या माणसाने माझंही दारातच पकडलं असणार.

तुमच्या डब्यात आजही दोन लाडू कमी असतात. साहेब आता एकही खात नाहीत. दोन्ही सील करून ठेवतात. शिळे झाले की मी बदलून देते.

"फाईल बंद झालेली नाही, वहिनी," म्हणतात.