पाचवं मशीन

सासूबाईंच्या सहलीची फिल्म बघायला संध्याकाळी पाहुणे येणार होते. सासरे हॉलमध्ये लॅपटॉप मांडून बसले होते आणि जावई, सुट्टी असूनही, आतल्या खोलीत ऑफिसचं काम उरकत होता.

एकाच कॉम्प्युटरच्या पोटात चार आभासी मशीनं उभी करायची आणि त्यांत नेटवर्कवरच्या सर्व्हरमधून सिस्टिम आपोआप भरायची, असं ते काम. त्याने बूटचे पर्याय लावले: मशीन सुरू होताच आधी नेटवर्ककडे बघायचं, मेनूपाशी थांबायचं नाही, काही विचारायचं नाही, डिस्क पुसून थेट कामाला लागायचं. मग एंटर दाबून तो ऐटीत मागे रेलला.

बायको डोकावली. "बाबांना टीव्ही जोडून दे ना."

"हे बघ तरी! पाचही कशी शहाण्यासारखी चाललीत."

"मघाशी तर चार म्हणालास."

त्याने मोजलं. पुन्हा मोजलं. तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, "जावईबापू, वायफाय रडत होतं, म्हणून तुमची भिंतीतली नेटवर्कची वायर लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर झकास अपडेट सुरू झालं! काही विचारतसुद्धा नाही!"

जावई ताडकन उठला. तो लॅपटॉप सासऱ्यांच्या जुन्या कचेरीतला, सुरू होताना आधी नेटवर्ककडेच बघणारा. आणि खरं मशीन कोणतं, आभासी कोणतं, हे जावयाच्या सर्व्हरला कुठलं कळायला! त्याने धावत जाऊन वायर उपटली, पण पडद्यावर कोरीकरकरीत सिस्टिम केव्हाच येऊन बसली होती.

"बाबा, फिल्मची दुसरी कॉपी?"

"आहे ना. याच लॅपटॉपमध्ये."

"कॅमेऱ्याचं कार्ड?"

"ते पुसलं. पुढच्या सहलीला लागेल म्हणून." सासरे हळूच म्हणाले, "हिला तुम्हीच सांगा. मला हिच्याबरोबर राहायचंय."

सासूबाई खुर्च्या मांडत होत्या. जावयाने चाचरत सगळं सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या.

"बोटीतलंसुद्धा गेलं?"

"सगळंच, आई. माझंच चुकलं."

त्यांचे डोळे भरून आले. तोच बेल वाजली. पाहुण्यांनी हॉल भरला, सगळे रिकाम्या टीव्हीकडे बघू लागले. सासूबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि टीव्हीसमोर उभ्या राहिल्या.

"फिल्म गेली. तोंडानेच सांगते."

आणि त्या सुटल्याच! नावाडी झाल्या, गाइड झाल्या, हॉटेलचा मॅनेजर झाल्या. बोटीत चढताना सासरे पाण्यात कसे पडले, ते त्यांनी उशी टाकून दाखवलं. डोंगरावर कसे घसरले, ते सोफ्यावरून. पाहुणे हसून हसून लोळायला लागले. "पुन्हा दाखवा, पुन्हा!" म्हणून गलका झाला आणि सासूबाईंनी लाजत लाजत उशी पुन्हा टाकली.

जावयाचा जीव भांड्यात पडला. शेजारी सासरे सरकून आले आणि कुजबुजले, "जावईबापू, ती फिल्म कशीही करून परत आणता येईल का हो?"

"आता कशाला, बाबा? इतकं छान रंगलंय!"

"तिच्यात मी एकदाही पडत नव्हतो. मीच सगळं कापलं होतं."