तिसऱ्या दाराची कडी

तुम्हाला म्हणून सांगतो, कुलूप, कडी, कोयंडा यांपैकी कुणीही आजवर माझ्याशी वाकडं वागलेलं नाही! वीस वर्षं झाली, चौकातल्या माझ्या टपरीवजा दुकानात मी किल्ल्या बनवतो. तिजोऱ्या उघडल्यात, रुसलेल्या नवरा-बायकोंच्या बेडरूम उघडल्यात. एकदा तर एका आजोबांच्या कवळीचा डबा उघडून दिलाय. लोक मला 'किल्लीमामा' म्हणतात.

असा मी, यंदा शाळेच्या समितीवर निवडून आलो.

"निवडून कसले आलात?" बायको म्हणाली. "पालकांच्या जागेसाठी एकटेच तर उभे होतात!"

"बिनविरोध म्हणतात त्याला! लोकांचा विश्वास!"

"लोकांना वेळ नव्हता," ती म्हणाली, आणि कणीक मळायला लागली.

पण मी उगाच हौसेनं उभा राहिलो नव्हतो. आमची लेक चौथी ब मध्ये आहे. घरात तिला सगळे 'टिकली' म्हणतात, कारण ती एकदा चिकटली की निघत नाही. ही टिकली रोज सकाळी पाण्याची बाटली भरून न्यायची आणि दुपारी तश्शीच भरलेली परत आणायची. मी दोन-तीनदा ओरडलो. एक दिवस ती हळूच म्हणाली, "बाबा, मुलींच्या स्वच्छतागृहात तीन दारं आहेत, पण कडी एकालाही नाही. मैत्रिणीला दार धरून उभं करावं लागतं. मैत्रीण नसेल तर... म्हणून आम्ही पाणीच पीत नाही."

आता सांगा, जो बाप गावाला कड्या लावत फिरतो, त्याच्या पोरीनं कडीवाचून तहानलेलं राहायचं? माझी तर मान खाली गेली!

पहिल्याच बैठकीत मी विषय काढला. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. कुठलाही विषय निघाला की ते समोरच्याच्या जबड्याकडे बघत राहतात. ते म्हणाले, "बघू. पुढच्या बैठकीत घेऊ."

मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "कड्या मागच्याच सुट्टीत बसवल्यात. माझ्याकडे नोंद आहे." बाईंकडे नोंद असली की प्रत्यक्ष देवानंसुद्धा गप्प बसावं!

चौथ्या सदस्य बेकरीवाल्या काकू. त्या म्हणाल्या, "अहो, पण एकदा जाऊन बघायला काय हरकत आहे?"

"मी सांगतो," मी टेबलावर हात आपटला. "पुढच्या शनिवारी बैठकीच्या आधी एका दाराला मी स्वतः कडी बसवून दाखवतो. दहा मिनिटांचं काम! मग बघा आणि ठरवा!"

हा हात आपटला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

शनिवारी शाळा लवकर सुटते. बैठक चारला होती. मी तीनलाच हत्यारांची पिशवी घेऊन हजर! शिपाईकाकांनी स्वच्छतागृह उघडून दिलं आणि ते चहाला गेले. पहिल्या दोन दारांना कडीच्या जागी नुसती भोकं होती. तिसऱ्यालाही तेच. मी तिसरं निवडलं. माप घेतलं, चौकटीत भोक पाडलं, नवी कोरी कडी स्क्रू मारून बसवली. कडी कसली, दागिनाच! फक्त तिची छोटी मूठ स्क्रूनं आवळायची राहिली होती. म्हटलं, आधी एकदा लावून तर बघू.

पिशवी बाहेर बेसिनपाशी, फोन पिशवीत. मी आत गेलो, दार लोटलं आणि कडी सरकवली. खट्! आहाहा! काय तो आवाज! लोण्यात सुरी जावी तशी कडी भोकात गेली.

आणि मूठ माझ्या हातात आली.

मी मुठीकडे बघितलं. मग कडीकडे बघितलं. कडी पार आत जाऊन बसली होती, धरायला नखभरही जागा नव्हती. मूठ परत बसवायला गेलो, तर ती बोटांतून सटकली आणि डुबुक्! कुठे पडली ते विचारू नका. हात घालण्यासारखी जागा नव्हती.

नखानं प्रयत्न केला, नख तुटलं. कंगव्यानं केला, कंगव्याचे चार दात गेले. दार आतल्या बाजूला उघडणारं, त्यामुळे धक्का मारून उपयोग नाही. भिंती छतापर्यंत. दाराखाली जेमतेम हात जाईल एवढी फट. त्या फटीतून मला माझी पिशवी दिसत होती. पाच हातांवर! तिच्यात सहा पेचकस, तीन पकडी. जेवणाचं ताट समोर आणि हात बांधलेले, तशी माझी गत!

ओरडलो का नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, कुठल्या तोंडानं ओरडू? किल्लीमामा कडीत अडकला! सोमवारपासून दुकानात माशी तरी आली असती का? म्हटलं, शिपाईकाका चहा पिऊन येतील, त्यांना हळूच सांगू. त्यांच्या पोटात गोष्ट राहते.

पण काका काही आले नाहीत. समितीच आली!

"या, या, आत्ताच पाहून घेऊ," मुख्याध्यापिका बाईंचा आवाज. "माझ्या नोंदी काय आहेत ते कळेल सगळ्यांना."

"लवकर आटपू या," डॉक्टर दारातूनच म्हणाले. "पाच वाजता माझ्याकडे एक अक्कलदाढ येणार आहे."

मी श्वास रोखला. बाईंनी नेमकं तिसरंच दार ढकललं. हललं नाही.

"बघा! आहे की नाही भक्कम कडी?" बाई जोरात म्हणाल्या. मग एकदम थांबल्या. "पण... कडी आतून लागलीये. कोण आहे आत?"

इथे माझी बुद्धी पेंड खायला गेली. कुठून सुचलं देव जाणे! मी गळा आवळून, बारीकात बारीक आवाज काढून म्हणालो, "मी आहे!"

"मी कोण?"

"चौथी ब!"

 मग बाई म्हणाल्या, "चौथी ब मधल्या बावीसही मुलींचे आवाज मला पाठ आहेत. हा कुणाचा?"

"सर्दी झालीये!" मी म्हणालो आणि पुरावा म्हणून खोकलो. खोकला मात्र बेचाळीस वर्षांच्या माणसाचा निघाला.

"अगं बाई!" बेकरीवाल्या काकू कळवळल्या. "पोरीची छाती किती भरलीये! शाळा सुटून तीन तास झाले, तेव्हापासून अडकलीये बिचारी! बाळ, घाबरू नकोस हं. किल्लीमामाला बोलावते. तो आपल्याच समितीत आहे. चुटकीसरशी दार उघडेल!"

त्यांनी फोन लावला. बेसिनपाशी माझी पिशवी वाजायला लागली.

"अय्या! पिशवी इथे, फोन इथे, मग मामा कुठे?"

"कडी बसवतो म्हणाले आणि अवजारं टाकून पळाले!" डॉक्टर म्हणाले. "मला त्यांचा जबडा बघूनच वाटलं होतं."

तोंडावर आलेला शब्द मी कसा गिळला, माझं मला माहीत!

आता बाई कामाला लागल्या. चौथी ब च्या पालकांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर त्यांनी निरोप टाकला, "एक मुलगी शाळेच्या स्वच्छतागृहात अडकली आहे. आवाज पूर्ण बसला आहे. आपली मुलगी घरी असल्याची खात्री करावी."

दहा मिनिटांत स्वच्छतागृहाबाहेर जत्रा! कुणाची मुलगी खेळायला गेलेली, कुणाची मावशीकडे. ज्या आयांना मुली सापडेनात, त्या धावत आल्या. एक हातात लाटणं घेऊनच आली. दाराखालच्या फटीतून मला नुसती पावलं दिसत होती आणि एकही पाऊल जागेवर ठरत नव्हतं.

मग एक बाई दाराला टेकून खालीच बसली. आवाजावरून ओळखलं, आमच्या गल्लीतली शिवणकामवाली ताई. एकटीच पोरीला वाढवते.

"सोने, तूच आहेस का गं आत? बोल की आईशी! सकाळी मी रागावले ना तुझ्यावर? नाही गं रागावणार परत..." आणि ती हुंदके द्यायला लागली.

आता सांगतो, तोवर मला अब्रूची काळजी होती. त्या हुंदक्यानं ती काळजी पार वाहून गेली.  मी माझ्या खऱ्या आवाजात म्हणालो, "ताई, रडू नका हो! आत तुमची मुलगी नाहीये!"

बाहेर एक किंकाळी!

"आत बाप्या आहे! मुलींच्या संडासात बाप्या आहे!"

मग काय विचारता! लाटणं दारावर बसायला लागलं. चहा पिऊन परतलेले शिपाईकाका झाडू घेऊन धावले. "बाहेर ये भामट्या!" असं ते ओरडत होते, आणि मी आतून, "अहो, यायचंच तर आहे!"

तेवढ्यात गर्दीतून एक ओळखीचा आवाज आला. "सरका, सरका जरा!" माझी बायको! आणि तिच्यामागे टिकली. टिकली सरळ जमिनीवर आडवी झाली आणि तिनं फटीतून आत बघितलं. आमची नजरानजर झाली.

"आई," ती थंडपणे म्हणाली, "बाबा आहेत."

 मी सगळी हकीकत सांगितली. मूठ कुठे पडली तेही सांगितलं. आधी काकू हसल्या, मग लाटणंवाली, मग रडता रडता ताईसुद्धा. तिची सोनी मागच्या मैदानावर झोक्यावर सापडली होती. डॉक्टर तर इतके हसले की त्यांची स्वतःची अक्कलदाढ मला फटीतूनही दिसली असती.

"टिकले, पिशवीतला लाल मुठीचा पेचकस दे इकडे," मी म्हणालो. "कडीची पट्टीच खोलतो."

टिकलीनं पेचकस काढला. पण तिच्या हातातून तो बायकोनं घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "डॉक्टरसाहेब, तुमची बैठक किती सदस्यांची असते?"

"चौघांची. सगळे लागतात."

"मग चौघं इथेच आहात. आधी बैठक घ्या. हे बाहेर आले की तुम्ही दाढेकडे पळाल, आणि विषय जाईल पुढच्या महिन्यावर."

"अगं, मी काय इथून बैठकीला बसू?" मी ओरडलो.

"बसलेलेच आहात!"

डॉक्टर निघायला वळले, तर दारात काकू उभ्या. काकूंच्या बाजूनं वाट काढायची म्हणजे भिंत पाडावी लागली असती. झाली बैठक सुरू!

पहिल्यांदा शिवणकामवाली ताई बोलली. "माझी सोनी शाळेत पाण्याचा घोट घेत नाही. दोनदा ताप येऊन गेला. मला वाटायचं, पोर हट्टी आहे."

"आमचीही नाही पीत," दुसरी म्हणाली. मग तिसरी. लाटणंवाली म्हणाली, "माझी तर घरी येते ती चप्पल न काढता मोरीत धावते."

मुख्याध्यापिका बाईंनी जाऊन पहिलं दार बघितलं, दुसरं बघितलं. भोकांतून बोट घालून बघितलं.  मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या नोंदीत कड्या बसवलेल्या आहेत. मी कधी येऊन पाहिलं नाही. पण मुलींपैकी मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"बाई, तुमच्या स्वच्छतागृहाला कडी आहे ना," टिकली म्हणाली. "मग तुम्हाला काय सांगायचं, कळत नव्हतं."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नोंदवही उघडली, जुन्या ओळीवर काट मारली आणि म्हणाल्या, "ठराव मांडते. येत्या सोमवारपर्यंत तिन्ही दारांना कड्या."

"अनुकूल असतील त्यांनी हात वर करावा," डॉक्टर म्हणाले.

वर काय करणार? मी फटीतून हात बाहेर काढला. त्यावर कुणाचा तरी पाय पडला. पण मत मोजलं गेलं! ठराव एकमतानं मंजूर!

"दुसरा ठराव माझा," काकू म्हणाल्या. "कड्या सुतारानं बसवाव्यात. सदस्यांनी स्वतः बसवू नयेत."

त्यालाही सगळ्यांचे हात वर. माझ्या बायकोचाही, आणि ती तर सदस्यही नाही!

मग पेचकस आत आला. दोन मिनिटांत मी बाहेर. टाळ्या पडल्या, पण त्या टाळ्यांत मला सत्कार काही ऐकू आला नाही. ताईची मात्र मी हात जोडून माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या हो मामा. पण तो बारीक आवाज परत काढू नका. स्वप्नात येईल."

सोमवारी सुतार आला. तिन्ही दारांना कड्या बसल्या. मीही उभा राहून बघितल्या, लांबून. काम चोख होतं, नावं ठेवायला जागा नव्हती, याचंच वाईट वाटलं. सुतार अवजारं गोळा करत होता, तेवढ्यात टिकलीला न्यायला आलेली बायको त्याच्याकडे गेली.

"दादा, आमच्या घरी पण एक दार आहे. बाथरूमचं. दोन वर्षांपासून कडी नाहीये. गाणं म्हणत अंघोळ करावी लागते. येता का लगेच?"

सुतारानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वहिनी, पण मामा तर स्वतःच..."

"त्यांना वेळ नसतो," बायको म्हणाली. "ते समितीवर आहेत."