कमानीतला बंब

"आज नाही रे, उद्या बसवतो हं तुला!"

आगीच्या बंबाच्या ड्रायव्हरचा हा घोगरा आवाज मास्तरांनी सातव्या वर्षी ऐकला होता. तो उद्या काही उगवला नाही. मास्तर शिंपी झाले, केस विरळ झाले, पण लाल कापड कात्रीखाली आलं की तो आवाज कानाशी गुणगुणायचा आणि कात्री वाकडी जायची. म्हणूनच भंगाराच्या आवारात पितळी घंटेचा, लाकडी शिडीचा एक म्हातारा बंब दिसला, तेव्हा मास्तरांनी आधी गळ्यातली टेप काढली आणि त्याचं माप घेतलं. किंमत मग विचारली.

अडचण एकच होती. न्हाव्याची फिरती खुर्ची आणि जहाजाचं सुकाणू घरात आलं, तेव्हा बायकोनं बजावलं होतं, "आता आणखी एक जुनं धूड दारात आलं ना, तर मी ताईकडे जाईन. कायमची!" मागे ती आठ दिवस गेलीही होती. त्या आठ दिवसांत मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या.

आज ती ताईकडे जेवायला गेली होती, पाचला परतणार होती. त्याआधी बंब परसात न्यायचा, वर ताडपत्री टाकायची आणि मग सवडीनं, गोडीगुलाबीनं सांगायचं, असा बेत होता. तीन वाजले तशी मास्तरांची चुळबुळ वाढली. बंब दुरुस्त करून चालवत आणणाऱ्या फिटरनं गल्लीच्या तोंडाशी तो उलटा वळवला आणि दगडी कमानीत मागून घालायला सुरुवात केली. शिडी वर कमानीला टेकली. खर्रर्र!

"मास्तर, माप घेतलं होतं ना?"

"दोनदा! कमानीपेक्षा दोन बोटं कमी भरला होता."

फिटरनं टायरकडे पाहिलं. "आणि तेव्हा टायरात हवा होती?"

मास्तरांनीही टायरकडे पाहिलं. आवारात बंब चारी पायांवर बसलेला होता. सकाळी फिटरनं हवा भरली आणि तो वीतभर उंच झाला. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून विजारीची लांबी घ्यावी, तसं झालं होतं.

"हवा सोड," मास्तर म्हणाले.

"सोडतो. मग तुम्ही खांद्यावर घेऊन चला."

वरच्या खिडकीतून निवृत्त हेडबाई ओरडल्या, "टाकी रिकामी आहे ना? मग पाणी भरा! वजनानं खाली बसेल!"

कमान हीच एक वाट, त्यामुळे गल्ली घरात अडकली होती आणि गल्लीला घाई होती. बादल्या आल्या, हंडे आले, कुणी बाळाचा टबसुद्धा आणला. आयुष्यभर लोकांच्या घरांवर पाणी मारलेल्या बंबाच्या पोटात आज लोक पाणी ओतत होते. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरले, बंब खाली बसला.

"चला मास्तर, बसा!" फिटर म्हणाला. मास्तर केबिनमध्ये चढले. त्रेचाळीस वर्षांनी बसले, पण सुख घ्यायला फुरसत कुठे? पावणेपाच झाले होते.

बंब सरकला. कमान डोक्यावरून जाऊ लागली. केबिनचे दरवाजे दोन भिंतींच्या मध्ये आले आणि तेवढ्यात खालून झरझर आवाज आला. टाकीला गंजानं चाळणीइतकी भोकं पाडली होती. पाणी गल्लीत धावलं, बंब हलका झाला, अंग झाडून उभा राहिला आणि वरच्या दगडात घट्ट रुतला. दरवाजे उघडेनात. पुढची काच तेवढी बिजागरीवर वर उचलली जायची. फिटर काटकुळा, तो सुळकन बाहेर पडला आणि मदत आणायला पळाला. मास्तरांनी जगाचं पोट मोजलं होतं, स्वतःचं कधी नाही. ते निम्मे बाहेर येऊन पुन्हा आत गेले.

पाच वाजले. समोर रस्त्यावर रिक्षा थांबली. हातात पिशवी घेऊन बायको उतरली. तिनं बंब पाहिला, वाहतं पाणी पाहिलं, काचेआडचा नवरा पाहिला.

"किती वेळ आहात आत?"

"पाव तास."

"दुखापत?"

"नाही. अगं, तू जाणार असशील तर जा. मी तर अडवायलाही येऊ शकत नाही."

तिनं चपला काढल्या, पिशवी काचेतून आत दिली आणि बंपरवर पाय ठेवला.

"हात द्या. ओढा. अहो, हळू!"

ती शेजारी बसली. केस सारखे केले.

"एक सांगू? हसायचं नाही. ताईकडे ना, सगळं जागच्या जागी असतं. उशीसुद्धा हलवायची भीती वाटते. मागच्या वेळी दुसऱ्याच दिवशी परत यायचं होतं मला. तुम्ही न्यायला येईपर्यंत नुसती हट्टानं बसून होते."