तीन तासांची बॅटरी

"घाटावर प्लग नसला म्हणून काय झालं? आपली बॅटरी तीन तास चालणार! बघालच तुम्ही!" ढुंढिराज गुरुजींनी सुधाताईंना छातीठोक सांगितलं होतं.

सुधाताईंचे यजमान अप्पा मनमाडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. आज त्यांचा दहावा. एकुलता एक आल्हाद मेलबर्नला, त्याचा पासपोर्ट व्हिसासाठी अडकलेला. पिंडाला कावळा शिवताना मुलानं पाहावं, एवढीच त्या माउलीची इच्छा. म्हणून गुरुजींनी आपला लॅपटॉप रामकुंडावर आणला. आदली अख्खी संध्याकाळ खपून त्यांनी सेटिंग केलं होतं. प्रोसेसरचा वेग अगदी कमी, आणि कुणी बटण दाबलं नाही तर दोन मिनिटांत पडदा बंद!

विधी पुतण्या समर्थनं केला. पिंड ठेवला. कठड्यावर एक कावळा बसला होता, पण तो हलेना. लॅपटॉपवर आल्हादचा चेहरा दिसत होता, तो मात्र पडदा काळा होऊन गेला.

"गुरुजी, माझा आल्हाद कुठं गेला?" सुधाताई घाबरल्या.

"आहे आहे! नुसतं बटण दाबायचंय. अं हं, तुम्ही हात लावू नका. सुतक आहे तुम्हाला!"

घाटावर जो तो कुणाच्या ना कुणाच्या दहाव्याला आलेला. बिनसुतकाचे असे एकटे गुरुजी, आणि ते ओल्या सोवळ्यात. त्यांनी दर्भाच्या काडीनं बटण दाबून पाहिलं. काडी वाकली. शेवटी त्यांनी बोटानंच दाबलं, आल्हाद दिसला, आणि मोडलेल्या सोवळ्यासाठी गुरुजींनी जानेवारीच्या गोदावरीत बुडी मारली.

वर येईतो पडदा पुन्हा काळा!

पुन्हा बटण, पुन्हा बुडी. "अहो, ते सेटिंगच बदला ना!" समर्थ म्हणाला. गुरुजींनी तेही करून पाहिलं. पण वेग इतका कमी ठेवलेला, की सेटिंगची खिडकी अर्धी उघडली आणि तशीच अडकून बसली. चौथ्या बुडीनंतर गुरुजींचे दात असे वाजू लागले, की मंत्रात नसलेली अक्षरं ऐकू येऊ लागली.

इकडे समर्थ हात जोडून म्हणत होता, "अप्पा, काकूला मी सांभाळीन." कावळा ढिम्म.

पडदा पाचव्यांदा काळा झाला. गुरुजी कुडकुडत पुढं सरकले, तोच सुधाताई उठल्या. त्यांनी पदराला हात पुसला.

"गुरुजी, तुम्ही बसा. पाप लागलं तर मला लागू दे." आणि त्यांनी बटण दाबलं.

गुरुजी 'अहो' म्हणायला गेले, पण त्यांच्याच्यानं म्हणवेना. आल्हाद दिसला. डोळे सुजलेले, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच.

"अप्पा," तो तुटक आवाजात म्हणाला, "आईला एकटं ठेवणार नाही. मी परत येतो. कायमचा."

कावळा उडाला, पिंडाला चोच लावली आणि गेला.

"शिवला!" सुधाताई ओरडल्या. "शिवला रे, आल्हाद!"

"कुठं? मला तर अजून कठड्यावरच दिसतोय!" कमी ठेवलेल्या वेगापायी चित्र तिकडं अडकलं होतं. त्याचा आवाज रडवेला झाला. "आई, खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस ना?"

आपल्या एका हुशारीपायी पोराला आयुष्यभराचा संशय लागणार, हे गुरुजींना कळून चुकलं. त्यांनी डोळे मिटून अप्पांनाच हाक घातली.

आणि मेलबर्नला तो कावळा उशिरानं उडाला.

"शिवला! आई, शिवला गं!" आल्हाद ओक्साबोक्शी रडू लागला. सुधाताईंनी पडद्यावरून हात फिरवला. गुरुजींनी तो फिरवू दिला.

मग त्यांनी स्वतःच लॅपटॉप मिटायला घेतला. कोपऱ्यात आकडा होता. बॅटरी शिल्लक, दोन तास बारा मिनिटं.

"बघा, म्हटलं नव्हतं?" असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ते गुपचूप पायऱ्या उतरले आणि त्यांनी पाचवी बुडी मारली.