खोक्यातला शिक्का

ज्यांना सगळे मानाने 'सेन्सेई' म्हणत त्या कर-सल्लागार कुरामोचींच्या कचेरीत मे महिन्याचा दुसरा मंगळवार म्हणजे जुने कागद निकालात काढायचा दिवस. सात वर्षं जपलेल्या गिऱ्हाइकांच्या फायली त्या दिवशी खोक्यांत बंद होऊन नागाओका शहराबाहेरच्या लगद्याच्या कारखान्यात जात, आणि काही आठवड्यांनी टॉयलेट पेपर होऊन पुन्हा लोकांच्या उपयोगी पडत.

खोकी भरायचं काम ओझेकीबाईंचं. एकवीस वर्षांत त्यांनी एक चिटोराही हरवला नव्हता. सेन्सेईंचं काम फक्त, जपानी रिवाजाप्रमाणे सहीच्या जागी, आपल्या नावाचा शिक्का मारायचं. बाई कागद पुढे सरकवत, सेन्सेई चहाचा घोट घेता घेता ठप्प करून मोकळे होत. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या हाताला आता डोळ्यांची गरज उरली नव्हती. शिक्का म्हशीच्या शिंगाचा. सहाव्या खेपेला कर-सल्लागाराची परीक्षा पास झाले तेव्हा बायकोने, तोमिएने, दिलेला. "हा हरवलात, तर घरी यायची घाई करू नका," असं ती देताना म्हणाली होती. तिला थट्टेची सवय नव्हती.

त्या मंगळवारी अकरा खोकी गेली. ट्रक वळणाआड झाला आणि सेन्सेईंनी टेबलावर हात फिरवला. मग खिशात. मग किटलीतसुद्धा डोकावून पाहिलं.

"ओझेकीबाई, शिक्का?"

"अकराव्या खोक्याच्या यादीवर मारलात ना? यादी मी आत टाकली."

"आणि शिक्का?"

बाईंनी थोडा विचार केला. "यादी जरा जड लागली होती खरी."

सेन्सेई टॅक्सी करून कारखान्यात पोचले तेव्हा दोन वाजले होते. यंत्र चारला सुरू होणार होतं. अकरावं खोकं खिडकीतून समोरच दिसत होतं. खिडकीवर तोकुनागा नावाचा शांत माणूस बसला होता.

"तेवढं खोकं उघडून द्या हो. माझा शिक्का आहे आत."

"नाही उघडता येत, सेन्सेई." तोकुनागाने करार काढला. "कलम नऊ. खुद्द मालकाने मागितलं तरी शिक्का मारलेल्या अर्जाशिवाय खोकं उघडू नये. हे कलम तुम्हीच घालायला लावलंत. आम्ही नको नको म्हणत होतो."

सेन्सेईंनी सुवाच्य अक्षरात अर्ज भरला. तोकुनागाने खालच्या गोलावर बोट ठेवलं. "इथे शिक्का. करारावरचाच लागेल."

"अहो, तो खोक्यात आहे!"

"म्हणूनच तर अर्ज करताय ना?"

हा सूर सेन्सेईंच्या ओळखीचा होता. पावती हरवलेल्या गिऱ्हाइकांशी ते स्वतः याच सुरात बोलत. आज पहिल्यांदाच त्यांना त्या सगळ्यांची दया आली.

"सही चालवून घ्या की."

"इतरांची चालते. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना पत्र धाडलं होतं. शिक्क्याऐवजी सही हवी असेल तर खालची चिठ्ठी भरून द्या म्हणून. तुमची आली नाही."

"असलं पत्र आलंच नाही!" सेन्सेई कडाडले. "माझ्या कचेरीत आलेला कागद हरवत नाही. थांबा, तुमच्यासमोर विचारतो." त्यांनी फोन लावला आणि तोकुनागालाही ऐकू जाईल असा धरला.

"आहे," ओझेकीबाई पाचव्या सेकंदाला म्हणाल्या. "बारा एप्रिल, आवक क्रमांक चारशे सतरा. चिठ्ठीसकट."

"मग मला दाखवलं का नाहीत?"

"दाखवलं की. 'वाचलं' म्हणून तुमचा शिक्का आहे वर."

तोकुनागाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चिठ्ठीला मुदत नव्हती तशी. चारच्या आत आली तर घेतो."

साडेतीनपर्यंत सेन्सेईंनी तोमिएला सांगायची तीन वाक्यं मनात तयार केली आणि तिन्ही खोडली. पावणेचारला ओझेकीबाई सायकल मारत, घामाघूम होऊन आल्या. चिठ्ठीची एक कडासुद्धा दुमडली नव्हती. सेन्सेईंनी सही केली. खोकं उघडलं. यादीच्या घडीत शिक्का मजेत पडला होता. सेन्सेईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोच द्या तेवढी," तोकुनागाने कागद पुढे केला.

सेन्सेईंनी आनंदाने शिक्का उचलला. तोकुनागाने कागदावर तळवा ठेवला.

"शिक्का नाही. चिठ्ठी दिलीत ना, आता इथे तुमची सहीच चालणार. पत्रात लिहिलंय तसं. वाचलंत ना?"

"वाचलंय त्यांनी," ओझेकीबाई दम खात म्हणाल्या. "शिक्का आहे वर."